एफडी मोडण्याआधी

"डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही सिंहगड रोडला राहतो. माझी मुलगी 17 वर्षांची आहे, बारावीला. नऊ वर्षांची असताना तिला टाइप वन डायबिटीस निघाला. तेव्हापासून दिवसाला चार इंजेक्शनं. गेल्या महिन्यात माझा भाऊ आम्हाला एका हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनारला घेऊन गेला. स्टेम सेल थेरपीनं डायबिटीस मुळापासून जातो, असं तिथं सांगितलं. चार-पाच पेशंटनी माइकवर अनुभव सांगितले, सगळे पन्नाशी-साठीचे. पोटाच्या चरबीतून पेशी काढून सलाइनमधून परत देतात. तीन सिटिंगचे 3 लाख 75 हजार. आम्ही 25 हजार भरलेत, बाकीचे सासूबाईंच्या नावची एफडी मोडून भरायचे आहेत. मिस्टर म्हणतात, सगळं थोतांड आहे. भाऊ म्हणतो, चीनमध्ये एका मुलीचं इन्सुलिन बंद झालं आणि तुम्ही अजून जुन्यातच. ती बातमी खरी आहे का? पहिलं सिटिंग पुढच्या महिन्यात आहे. नव्या पेशींना कामाची सवय लागावी म्हणून रात्रीचं इन्सुलिन 18 युनिटवरून 9 वर आणायला सांगितलंय, ते आठ दिवसांपासून केलंय. सकाळची शुगर 280-300 येते. ते म्हणतात, सुरुवातीला वाढतेच. चार-पाच वर्षांत मुलीसाठी स्थळं बघावी लागतील. त्याआधी ही टोचाटोची संपावी, एवढीच इच्छा आहे. काय करू?"
— एक आई

ताई,

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटी आहे, पण मी अडकले ती मधल्या ओळीवर. 18 वरून 9. सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून तुमच्या ईमेलवर त्याच रात्री निरोप धाडला. इथे पुन्हा लिहिते, कारण असला सल्ला मिळालेली तुमचीच लेक एकटी नसणार. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच्या आज फोन करा, आठ दिवसांचे आकडे वाचून दाखवा आणि ते सांगतील तसा डोस पूर्ववत करा. औषधाच्या दुकानातून लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या आणा. पट्टी जांभळी झाली, उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं, श्वास खोल आणि भरभर चालू लागला, तर फोनाफोनीत वेळ घालवायचा नाही. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्यायचं.

टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उलटते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या या पेशी जवळपास संपून जातात. बाहेरून दिलेलं इन्सुलिन अपुरं पडलं की रक्तात साखर तुडुंब असूनही शरीर उपाशी राहतं. मग ते चरबी जाळायला काढतं, त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात आणि रक्त आंबत जातं. वाढलेली साखर म्हणजे पेशी बसायची पूर्वतयारी, असं मी माझ्या अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये कुठे वाचलेलं नाही.

कीटोनचा वास मला मेडिकलला जायच्या आधीपासून ओळखता येतो. 1971 साली माझ्या थोरल्या भावाला टाइप वन निघाला, तेव्हा दादा दहा वर्षांचा आणि मी सात. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या. अख्ख्या वाड्यात फ्रिज एकच, मालकांचा. दादाची इन्सुलिनची बाटली त्यांच्या फ्रिजच्या दारात, दह्याच्या वाटीशेजारी राहायची. काचेची सिरिंज आणि सुई आई रोज सकाळी एका पातेलीत उकळायची आणि त्या पातेलीला दुसऱ्या कशालाही हात लावू द्यायची नाही. रक्तातली साखर घरी मोजायची सोय नव्हती, लघवीतली बघायची. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर चालेल. पिवळ्याला आईचा चेहरा उतरायचा. विटकरी रंग आला की त्या दिवशी घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही.

दोनेक वर्षांनी कुणीतरी वडिलांना एका औषधाचा पत्ता दिला. पुड्या होत्या. दुधातून चाळीस दिवस घ्यायच्या आणि अट एकच, 'सुई बंद, नाहीतर औषध लागू पडणार नाही.' वडील शाळेत गणित शिकवायचे, अडाणी म्हणावेत असे नव्हते. पण रोज सकाळी स्वतःच्या मुलाच्या मांडीत सुई खुपसून ते थकले होते. चौथ्या दिवशी दादाच्या तोंडाला फार पिकलेल्या केळ्यांसारखा वास यायला लागला. आई म्हणाली, पुड्यांचा असेल. पाचव्या दिवशी हाका मारल्या तरी तो डोळे उघडेना. हॉस्पिटलात सलाइन आणि इन्सुलिनवर दोन दिवसांनी शुद्धीवर आला. त्यानंतर कितीतरी महिने परीक्षानळी वडील स्वतः धुवायचे, आईला धुवू द्यायचे नाहीत. त्या पुडीवाल्याबद्दल आमच्या घरात पुन्हा कधी शब्द निघाला नाही.

तुमच्या पत्रात मला ती अट पुन्हा दिसली. सुई बंद नाही, निम्मी, एवढाच फरक.

आता तुमच्या भावाची बातमी. ती खरी आहे, आणि मिस्टरांचा 'थोतांड' हा शब्द निदान तिला तरी लागू नाही. तिआनजिनमधली 25 वर्षांची टाइप वनची तरुणी. तिथले संशोधक देंग होंगकुई यांच्या गटानं तिच्याच शरीरातल्या पेशी घेऊन, रसायनांच्या मदतीनं त्यांना मागे, अगदी कोऱ्या अवस्थेत नेलं. म्हणजे ज्या अवस्थेतून पुढे कुठलीही पेशी घडवता येते अशा. मग प्रयोगशाळेत त्यांच्यापासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके वाढवले आणि जून 2023 मध्ये तिच्या पोटाच्या स्नायूंपाशी बसवले. 75 दिवसांनी तिचं इन्सुलिन थांबलं. सप्टेंबर 2024 मध्ये 'सेल' या नियतकालिकात हे छापून आलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना एक तपशील मात्र गळतो. या तरुणीचं यकृताचं प्रत्यारोपण आधीच झालेलं होतं, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या ती घेतच होती.

यापेक्षा मोठं काम अमेरिकेत झालंय आणि त्याची सुरुवात तुमच्यासारख्याच एका घरात झाली. हार्वर्डचे डग्लस मेल्टन बेडकांच्या भ्रूणांवर संशोधन करायचे. मुलगा सॅम तान्हा असतानाच त्याला टाइप वन निघाला. मेल्टननी बेडूक सोडले आणि बीटा पेशींच्या मागे लागले. पुढे मुलीला, एमालाही तोच आजार झाला. मूलपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, कामाच्या बीटा पेशी भरपूर संख्येनं बनवण्याची त्यांच्या गटाची पद्धत छापून आली 2014 मध्ये, तोवर मुलं मोठी झालेली होती. सॅम आणि एमा या नावांवरून त्यांनी कंपनीला 'सेमा' नाव दिलं. 2019 मध्ये ती बोस्टनच्या व्हर्टेक्स या औषध कंपनीनं विकत घेतली. व्हर्टेक्सच्या चाचणीचे आकडे जून 2025 मध्ये आले. 12 जणांना पूर्ण डोस दिला होता, वर्षानंतर त्यातल्या 10 जणांना इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. ते वाचलं तेव्हा मी दादाला फोन केला होता, रात्री साडेदहाला. एरवी त्या वेळी फोन केला की तो रागावतो.

मग ते तुमच्या लेकीला का नको? कणगीला उंदीर लागलेत, धान्य संपलंय. नवीन धान्य आणून ओतलं तर किती दिवस पुरेल? टाइप वनमध्ये उंदीर म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती. म्हणून या चाचणीतल्या प्रत्येकाला ती दाबणारी औषधं सुरू ठेवावी लागतात. ती औषधं घेणाऱ्याला साधा संसर्गही महागात पडू शकतो, काहींचा मूत्रपिंडावर ताण येतो, काही गरोदरपणात चालत नाहीत. त्या चाचणीत एकूण 14 जण होते. त्यातल्या दोघांचा मृत्यू झाला, एकाचा बुरशीमुळे झालेल्या मेंदूज्वरानं आणि दुसऱ्याचा आधीपासूनच असलेल्या मेंदूच्या विकारानं. आणि निवडलेली माणसं कोण होती? ज्यांची शुगर न कळत एवढी खाली जाते की शुद्ध हरपते, पुन्हा पुन्हा हरपते, अशी प्रौढ माणसं. त्यांच्या बाबतीत हा धोका पत्करण्यात अर्थ आहे. बारावीत शिकणाऱ्या, इन्सुलिनवर बरी चाललेल्या मुलीला मी आज ते सुचवणार नाही, समोर कुणी फुकट दिलं तरीही.

प्रतिकारशक्ती न दाबता हे करता येईल का, यावरही काम चाललंय. स्वीडनमध्ये उप्साला इथं एका 42 वर्षांच्या माणसाच्या कोपराखालच्या स्नायूत, जनुकं बदलून 'उंदरांपासून लपवलेल्या' पेशी टोचल्या. पेशी एका मृत दात्याच्या होत्या. प्रतिकारशक्ती दाबणारं एकही औषध दिलं नाही आणि पेशी टिकल्या, इन्सुलिनही बनवू लागल्या. 2025 मध्ये हे प्रसिद्ध झालं. पेशींची संख्या मुद्दाम थोडी ठेवली होती, त्यामुळे त्याचं इंजेक्शन बंद झालेलं नाही. तरी मला विचाराल तर तुमच्या लेकीच्या कामाची बातमी चीनची नाही, ही आहे.

आणि तुम्ही पैसे भरलेत ते क्लिनिक? पुण्यात जुन्या दुकानांवर एक पाटी असते, 'आमची कोठेही शाखा नाही.' तिआनजिनची, बोस्टनची, उप्सालाची इथं शाखा नाही, असं समजा. इथं मिळणार आहे ती वेगळीच गोष्ट, नाव तेवढं तेच. पोटाच्या चरबीतून निघतात त्या मेसेन्कायमल पेशी. अंगातली सूज, दाह कमी करणारे काही पदार्थ त्या सोडतात, म्हणून शास्त्रज्ञांना त्यांच्यात रस आहे आणि तो योग्य आहे. पण शिरेतून सलाइनबरोबर दिल्या की त्यातल्या बहुतेक आधी फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात. स्वादुपिंडात जाऊन बीटा पेशी होणं हे त्यांचं कामच नाही. चिनी गटानं पेशींना कोऱ्या अवस्थेत नेऊन पुन्हा घडवण्यात जे सगळे कष्ट घेतले, तो टप्पाच इथं नाही. चरबी काढली, गाळली, दिली. सकाळी अ‍ॅडमिट, संध्याकाळी घरी.

मूलपेशींवर प्रामाणिक अभ्यासही झालेत, ते लपवत नाही. अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्यावर काही टाइप टूच्या रुग्णांची इन्सुलिनची गरज कमी झाल्याचं चंदीगडच्या पीजीआयमधल्या छोट्या अभ्यासांत दिसलं. ब्राझीलमध्ये 2007 च्या सुमारास नव्यानं टाइप वन निघालेल्या 15 जणांवर प्रयोग झाला. त्यात 14 जणांचं इन्सुलिन काही काळ सुटलं. पण त्यांना आधी कॅन्सरच्या रुग्णांना देतात तशी जालीम औषधं देऊन प्रतिकारशक्ती जवळपास पुसून टाकली होती, आणि आजार निघाल्यापासून काही आठवडेच झाले होते, म्हणजे थोड्या बीटा पेशी शिल्लक होत्या. तुमच्या लेकीला आठ वर्षं झालीत. शिवाय हे सगळं चाचणीत झालं, पैसे न घेता, नोंदी ठेवून.

हॉलमधले अनुभव सांगणारे खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय की सगळे पन्नाशी-साठीचे होते. म्हणजे बहुतेक टाइप टू. त्यांच्या बीटा पेशी मेलेल्या नसतात, दमलेल्या असतात. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी उतरली की पुन्हा काम करू लागतात. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासात फक्त काटेकोर आहारानं वजन उतरवलेल्यांपैकी 46 टक्के लोकांचा डायबिटीस वर्षभरात औषधांशिवाय आटोक्यात आला. ज्यांनी 15 किलो किंवा जास्त उतरवलं त्यांच्यात हे प्रमाण 86 टक्के. आजार सहा वर्षांच्या आतला होता आणि इन्सुलिन सुरू झालेलं नव्हतं, हेही लक्षात घ्या. आता मला सांगा, त्या क्लिनिकनं पेशींसोबत डाएट चार्ट दिला होता ना? रोज 45 मिनिटं चालणं, रात्री आठनंतर जेवण बंद? मग कशानं काय झालं हे त्या काकांना कसं कळणार? टेकडीवर चालायला गेले असते तर पावणेचार लाख वाचले असते.

(पुण्यातले काका अंगानं बारीक असतात, त्यांना कसली चरबी, असं कुणी म्हणेल. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3. अंगातली चरबी युडकिनची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आपण बाहेरून सडपातळ आणि आतून तुपकट, हे पुण्यातूनच जगाला कळलंय.)

क्लिनिकला एक गोष्ट विचारून बघा. त्यांच्या माहितीपत्रकात आलेख असतील ते साखरेचे असतील, एचबीएवनसीचे, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचे असतील. सी-पेप्टाइडचे आहेत का, विचारा. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा त्यातला एक तुकडा कापून बाजूला पडतो, तो सी-पेप्टाइड. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. घरात शेंगा फोडल्या की बाजारातून सोललेले दाणे आणले, हे टरफलांवरून कळतं ना, तसंच. साखर आहारानं उतरते, व्यायामानं उतरते, गोळ्यांनी उतरते. टरफलं मात्र शेंगा फोडल्याशिवाय पडत नाहीत. व्हर्टेक्सच्या चाचणीत आधी एकाच्याही रक्तात हे टरफल सापडत नव्हतं आणि पेशी दिल्यावर ते सापडू लागलं, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला. तुमच्या क्लिनिकनं टाइप वनच्या एका जरी पेशंटचे, उपचाराआधीचे आणि वर्षानंतरचे असे दोन कागद दाखवले, तर मला पाठवा. मी याच सदरात माफी मागेन.

कायद्याचंही थोडक्यात सांगते. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही आजार वगैरे मोजकी मान्य कारणं सोडली, तर रुग्णाला मूलपेशी द्यायच्या त्या मंजूर चाचणीतच. चाचणी म्हटली की ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत पाहिजे, तिला नैतिकता समितीची (एथिक्स कमिटीची) मंजुरी पाहिजे आणि रुग्णाकडून एक रुपया घ्यायचा नाही. 'आमचं सगळं रजिस्टर्ड आहे' असं ते म्हणतील. काय रजिस्टर्ड आहे, विचारा. क्लिनिकची नोंदणी असते, लिफ्टचीही असते. चाचणीचा क्रमांक लिहून मागा. क्रमांक दिला आणि वर पैसेही मागितले, तर त्या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत एवढं ध्यानात ठेवा. आणखी एक. औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर बंदी घालणारा 1954 चा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह आहे. 'मुळापासून बरा करतो' अशी जाहिरात करायला हॉटेलचा हॉल घेणाऱ्यांना हे माहीत नसेल, असं मला वाटत नाही. 25 हजार लेखी अर्ज देऊन परत मागा, पोच घ्या. टाळाटाळ झाली तर ग्राहक आयोग आहे. डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा त्याच्या कक्षेत येते, हे सुप्रीम कोर्टानं 1995 मध्येच सांगितलंय.

सासूबाईंची एफडी राहू द्या. मोडायचीच असेल तर साखर सतत मोजणारा, दंडावर लावायचा सेन्सर घ्या. दोन आठवड्यांच्या एका सेन्सरला चार-पाच हजार पडतात. पावणेचार लाखांत लेकीचे तीनेक वर्षांचे सेन्सर येतील, आणि सारखा लावायचीही गरज नाही. परीक्षेच्या आधी लावा, डोस बदलताना लावा. रात्री तीनला शुगर खाली गेली की मोबाइल वाजतो. रात्री तीनला उठून मुलीच्या कपाळाला हात लावून घाम आलाय का बघणारी आई मी लहानपणी रोज पाहिलीय. तुम्हीही उठत असणार, पत्रात लिहिलं नसलं तरी. सेन्सरनं बोटं टोचणं बरंच कमी होतं. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. यातलं काही हॉलमध्ये टाळ्या मिळवण्यासारखं नाही.

आता स्थळांचं. पत्र दोनदा वाचलं आणि एक गोष्ट खटकली. भाऊ काय म्हणतो ते आहे, मिस्टर काय म्हणतात ते आहे, सासूबाईंची एफडीसुद्धा आहे. ज्या मुलीच्या पोटातून चरबी काढायची, ती काय म्हणते, त्याची एक ओळ नाही. तिला विचारलंय का? वर्षभरात ती 18 ची होईल, मग अशा कागदांवर सही तिचीच लागेल. आठ वर्षं स्वतःच्या हातानं सुई घेणाऱ्या मुलीला त्या सुईची आपल्याला वाटते तेवढी लाज नसते. लाज आपल्याकडून शिकते ती. पाहुणे आले की 'आत जाऊन घे' म्हणतो ना आपण, तिथून. माझी आई दादाला पडद्याआड न्यायची. वहिनीला बघायला गेलो तेव्हा मात्र दादानं पोहे यायच्या आधी, सगळ्यांसमोर शर्ट वर करून इंजेक्शन घेतलं. आईचा जीव खालीवर. वहिनीच्या वडिलांनी तोंड फिरवलं, वहिनीनं विचारलं, "दुखतं का?" त्याआधी दोन ठिकाणी नकार आला होता, तेही सांगते, उगाच गोड करून कशाला सांगू.

दादा आता पासष्टीत आहे. इन्सुलिनला पन्नासहून जास्त वर्षं झाली. डोळ्यांना लेसर झालंय, पायाची काळजी घ्यावी लागते. आठवड्यातून तीनदा पर्वती चढतो, खिशात ग्लुकोजची पुडी आणि शेंगदाण्याची चिक्की. चिक्की खरं तर शुगर लो झाल्यावर कामाची नाही, शेंगदाण्यातल्या तेलामुळे साखर हळू चढते, त्याला ग्लुकोजच पाहिजे. मी डॉक्टर असून पंधरा वर्षं हे सांगते आहे. तो म्हणतो, चिक्की शुगरसाठी नाहीच, ती माझ्यासाठी आहे.

तुमचं पत्र, नाव-गाव झाकून, मी त्याला वाचून दाखवलं. चीन, बोस्टन, पावणेचार लाख, कशावरच तो काही बोलला नाही. चष्मा काढून म्हणाला, "रात्रीचे 18 परत केले का तिनं?"

मी पाठवलेल्या निरोपाला तुमचं उत्तर अजून आलेलं नाही. एका ओळीचं चालेल.